नंबर कुठवर आला?

माझी पुतणी न्यू जर्सीत राहते. ती भारतीय पासपोर्टवर, नवरा अमेरिकेचा नागरिक. भारतातून मूल दत्तक घ्यायचं म्हणून त्यांनी नाव नोंदवलं, त्याला साडेतीन वर्षं झाली. दर रविवारी व्हिडिओ कॉल लागला की माझी आई तिला पहिला प्रश्न विचारते, "काय गं, नंबर कुठवर आला?"

आईची पिढी रॉकेलच्या रांगेत उभी राहिलेली. टेलिफोन, स्कूटर, गॅसचं कनेक्शन, सगळं नंबराने आलं. पुढचा सरकला की आपण सरकायचं, हा तिचा अनुभव. त्यामुळे तीन वर्षं नंबर लागत नाही म्हणजे मध्ये कुणीतरी घुसतंय, नाहीतर कुणाचं तरी चहापाणी राहिलंय, असं तिचं ठाम मत. पुतणीने दोनदा समजावून पाहिलं आणि मग हात टेकले. "काका, आता तूच सांग आजीला." आजीला सांगण्यासाठी जे जमवलं, तेच इथे मांडतोय. परदेशात राहून भारतातून मूल दत्तक घेऊ पाहणारी मराठी घरं कमी नाहीत, आणि त्या प्रत्येक घरात अशी एक आजी असणारच.

तर पहिली गोष्ट, ही एक रांग नाही. एकाच वेळी चालणारी तीन-चार घड्याळं आहेत आणि ती एकमेकांशी जुळवलेली नाहीत. उशीर नेमका कुठल्या घड्याळामुळे होतोय, हे कळलं की निम्मा जीव शांत होतो. कारण त्यातल्या काहींना आपण किल्ली देऊ शकतो, काहींना हातही लावता येत नाही.

हात लावता न येणारं सगळ्यात मोठं घड्याळ मुलाचं. संस्थेत मूल आहे म्हणजे ते दत्तक देता येतं, असं नाही. सापडलेल्या मुलाच्या आईवडिलांचा आधी शोध घ्यावा लागतो. त्यानंतर जिल्ह्याची बालकल्याण समिती त्या मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवते. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत हे व्हावं, असं बाल न्याय कायदा सांगतो. आईने स्वतः येऊन मूल सोपवलं असेल तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस दिलेले असतात. हे साठ दिवस कुणाच्याही ओळखीने पन्नास होत नाहीत, आणि होऊही नयेत.

मूल मुक्त झालं की ते 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर येतं. तिथेही लगेच परदेशाचं दार उघडत नाही. कायद्याचं कलम ५९ म्हणतं की आधी भारतातल्या किंवा अनिवासी भारतीय पालकांसाठी प्रयत्न करा, साठ दिवसांत कुणी मिळालं नाही तर मग परदेशी पालकांचा विचार करा. हे काही आपल्याकडच्या बाबूंच्या डोक्यातून निघालेलं नाही. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकासाठीच्या १९९३ च्या हेग कराराचं चौथं कलम हेच सांगतं: मुलाला त्याच्याच देशात घर मिळतंय का ते आधी पाहा. भारताने हा करार २००३ मध्ये मान्य केला.

आता आकडे पाहा. २०२४-२५ या वर्षात देशभरात ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच. परदेशी गेलेली मुलं उरतात ३६०. दुसऱ्या बाजूला, संसदीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार २०२१ च्या अखेरीस नोंदणी करून वाट पाहणारे पालक होते सुमारे २८ हजार आणि दत्तकासाठी मुक्त झालेली मुलं अडीच हजारांच्याही आत. आईला हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे रांगेत मुलं नाहीतच, नुसते आईबापच आहेत." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

ही चाळणी इतकी बारीक का, यालाही इतिहास आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लक्ष्मीकांत पांडे या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. दत्तकाच्या नावाखाली मुलं परदेशी पाठवताना होणाऱ्या गैरप्रकारांबद्दलची तक्रार त्यात होती. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि १९८४ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी परदेशी दत्तकासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. 'कारा'चा जन्म पुढे १९९० मध्ये झाला, तो त्याच निकालाच्या पोटातून. आज जी सही, जो शिक्का, जो दाखला आपल्याला जाच वाटतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टींमागे कधीतरी चुकीच्या पद्धतीने पाठवलं गेलेलं एखादं मूल आहे. (सगळ्यांमागे नाही. काही शिक्के निव्वळ शिक्के आहेत.)

कागदांचं घड्याळ

हे घड्याळ मात्र आपल्या हातात आहे, आणि लोक अडखळतात ते इथेच.

परदेशातून अर्ज करताना तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत 'होम स्टडी' होते. समाजसेविका घरी येते. तुमचं उत्पन्न, तब्येत, पोलिसांचा दाखला, लग्न कसं चाललंय, मूल आल्यावर सांभाळणार कोण, असं सगळं विचारून अहवाल लिहिते. भारताच्या नियमात हा अहवाल तीन वर्षं चालतो. अमेरिकेत मात्र तो तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे देताना सहा महिन्यांहून जुना चालत नाही. त्या खात्याची मंजुरी, म्हणजे 'आय-८००ए', बोटांच्या ठशांची तपासणी झाल्यापासून १५ महिने टिकते. मुदत संपायच्या आत वाढवून घेतली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणजे बघा, एका देशाचं घड्याळ तीन वर्षांचं, दुसऱ्याचं सव्वा वर्षाचं, आणि मूल भेटायला लागणारा वेळ या दोन्हींहून मोठा असू शकतो. तीन वर्षांच्या वाटेत अमेरिकेची मंजुरी दोनदा तरी नव्याने वाढवावी लागते. मध्येच नोकरी बदलली, घर बदललं, वडील राहायला आले, तब्येतीचं काही निघालं, तर होम स्टडीत ते घालून घ्यावं लागतं. पुतणीने याच काळात घर बदललं आणि नवा पत्ता संस्थेला कळवला चार महिन्यांनी. बाकी सगळं बिनचूक असूनही त्या एका पत्त्यापायी फाइल अडून राहिली. चूक तिचीच होती आणि तिनेही ती कबूल केली. पण "एवढ्याशा गोष्टीसाठी?" हे वाक्य त्या महिन्यात घरात किती वेळा उच्चारलं गेलं, त्याची मोजदाद नाही.

तेव्हापासून तिने एक साधी सवय लावून घेतली आहे. प्रत्येक कागदापुढे तो मिळाल्याची नव्हे, तर तो मरण्याची तारीख लिहायची. पासपोर्ट, पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, होम स्टडी, ठसे, 'आय-८००ए'. मरणाच्या तीन महिने आधी फोनवर गजर. ज्यांना रोज पोर्टल उघडून नंबर बघायची सवय लागली आहे, त्यांना मी हेच सांगेन. नंबर बघून काही हलत नाही. कागद जिवंत ठेवणं मात्र खरंच आपल्या हातात आहे, आणि मूल सुचवलं जाईल त्या दिवशी ते उपयोगी पडतं.

नागरिकत्वाचंही इथेच सांगून टाकतो. हेग पद्धतीने मूल अमेरिकेत न्यायचं तर अर्जदार अमेरिकेचा नागरिक असावा लागतो. दोघंही एच-वन व्हिसावर असलेल्या जोडप्यांना हे फार उशिरा कळतं. उलट, भारतीय पासपोर्ट सोडून परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताच्या बाजूने तुमची वर्गवारी बदलते, कारण तुम्ही अनिवासी भारतीय राहत नाही. दत्तकाचा अर्ज चालू असताना नागरिकत्वाची शपथ घ्यायची असेल तर आधी संस्थेला विचारा, मग तारीख घ्या.

मूल जुळल्यावर तिसरं घड्याळ सुरू होतं, ते सरकारांचं. पालकांनी मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी वाचून स्वीकृतीची सही करायची. मग त्या विशिष्ट मुलासाठी अमेरिकेत 'आय-८००' अर्ज. तिथून तात्पुरती मंजुरी. मग त्या देशाचं भारताला पत्र की हे मूल आमच्याकडे येऊन कायमचं राहू शकेल. त्यानंतर 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र, दत्तकाचा आदेश, दत्तक हेग करारानुसार झाल्याचा २३ व्या कलमाखालचा दाखला, मुलाचा भारतीय पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा. सगळ्यात जीवघेणी वाट हीच असते, कारण आता फोटो हातात असतो. आधीची तीन वर्षं सोसणारे लोक या काही महिन्यांत कोलमडतात. एक मात्र बरं आहे. इथे कुठल्या टेबलावर कागद आहे ते विचारता येतं, आणि आदेशासाठी कायद्याने दोन महिन्यांची मुदत घातली आहे. तिच्यावर बोट ठेवून, सभ्य शब्दांत, लेखी विचारायला काहीच हरकत नाही.

खेळ चालू असताना नियम बदलले तर

'नियम बदलला' हे तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोललं जातं. कायदा संसद बदलते. नियमावली सरकार अधिसूचना काढून बदलतं. परिपत्रक 'कारा' काढते. कायदा बदलायला वर्षं जातात आणि त्याची चाहूल आधी लागते. परिपत्रक एखाद्या सोमवारी पोर्टलवर झळकतं. म्हणून बातमी कानावर आली की तीन गोष्टी विचारायच्या: बदललंय नेमकं काय, लागू कधीपासून, आणि आधीच नोंदणी झालेल्यांचं काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मामे-आते भावंडांच्या ग्रुपवर काही टाकू नये.

२०२२ चं उदाहरण घ्या. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देऊ लागले. हेतू वेग वाढवण्याचा होता. पण ज्यांची प्रकरणं न्यायालयात निम्म्यावर होती त्यांचं काय? ती जिल्हाधिकाऱ्यांकडे वर्ग करायची म्हटल्यावर पालक घाबरले आणि काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की प्रलंबित प्रकरणं वर्ग करू नका. वेग वाढवण्यासाठी आणलेल्या बदलाचा पहिला परिणाम असा झाला की कित्येकांना चार महिने आपली फाइल नक्की कुणाची, तेच कळेना. कुठलाही मोठा बदल झाला की सुरुवातीला सगळं मंदावतं, हे गृहीत धरून चालावं. नवा अधिकारीही तोच नियम पहिल्यांदाच वाचत असतो.

सप्टेंबर २०२२ मध्येच नवी नियमावलीही आली आणि वयाचं गणित बदललं. आधी नवराबायकोच्या वयाची बेरीज ९० पर्यंत असली की चार वर्षांपर्यंतचं मूल मिळू शकत होतं. आता दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही बेरीज ८५ च्या वर चालत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे ११०. दोघंही ४३ वर्षांचे असतील तर बेरीज ८६, म्हणजे तान्ह्या बाळाची वाट बंद. दुसरा बदल असा की ज्यांना आधीच दोन मुलं आहेत त्यांना फक्त विशेष गरजा असलेलं किंवा सहसा घर न मिळणारं मूल घेता येतं. पूर्वी ही अट तीन मुलं असलेल्यांना होती.

दोन मुलं असलेले काही पालक, ज्यांनी जुन्या नियमांत नोंदणी केली होती, दिल्ली उच्च न्यायालयात गेले. २०२४ च्या सुरुवातीला न्यायालयाने सांगितलं की दत्तक घेणं हा मूलभूत हक्क नाही, अमुकच मूल हवं अशी मागणी करण्याचा अधिकार तर नाहीच, आणि नवा नियम वाट पाहणाऱ्यांनाही लागू होतो. निकाल कडक आहे. वर्षानुवर्षं थांबलेल्या माणसाला तो अन्यायच वाटणार, आणि त्याच्या जागी मी असतो तर मलाही वाटला असता. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. नोंदणी म्हणजे पक्कं आरक्षण नव्हे, ती वेटिंग लिस्ट आहे. तुमचा नंबर टिकेल, पण गाडीचा मार्ग बदलू शकतो.

आणि कधी कधी गाडीच रद्द होते. २८ डिसेंबर २०१२ रोजी रशियाने एका कायद्यावर सही केली आणि चारच दिवसांत, १ जानेवारीपासून, अमेरिकी पालकांना रशियन मुलं दत्तक देणं बंद झालं. त्यातल्या काहींनी तिकडे जाऊन मुलांना भेटून, मांडीवर घेऊन परतीचं तिकीट काढलं होतं. २०१७ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव ठरवला, पण तोवर ती मुलं चार वर्षांनी मोठी झाली होती. इथिओपियाने २०१८ मध्ये दार लावलं. चीनने १९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी दिली. २००७ मध्ये अटी इतक्या आवळल्या की पालकांच्या वजनाचाही हिशेब आला. कोविडमध्ये सगळं थांबलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये नातेवाइकांचा अपवाद सोडून परदेशी दत्तक कायमचं बंद केल्याचं जाहीर झालं. मूल जुळलेली शेकडो कुटुंबं तेव्हा साडेचार वर्षं थांबलेली होती.

दार नेहमी मूल देणाऱ्या देशाकडूनच लागतं असंही नाही. नेदरलँड्समध्ये २०२१ मध्ये एका चौकशी समितीने जुन्या काळातले गैरप्रकार उघड केले आणि सरकारने परदेशी दत्तक लगेच थांबवलं. पुढे ते मर्यादित प्रमाणात सुरू झालं आणि २०२४ मध्ये टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. आइंडहोव्हन किंवा ॲमस्टरडॅममध्ये असलेल्या मराठी जोडप्याने फक्त दिल्लीकडे डोळे लावून चालणार नाही. तुम्ही राहता त्या देशाचं धोरणही वाचावं लागेल.

वाट बघताना

संस्थेशी करार करताना पैसे कुठल्या टप्प्यावर किती, आणि दार बंद झालं तर त्यातले परत किती, हे लिहून घ्या. बोलायला संकोच वाटत असेल तर ईमेल करा. एक देश सोडून दुसऱ्या देशाकडे वळायचं ठरलं तर होम स्टडी त्या देशासाठी नव्याने बेतावी लागते, जुना नंबर बरोबर येत नाही.

तीन-चार वर्षं गेली की मुलाच्या वयाची अट सैल करायचा विचार येतो. येऊ द्यावा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला घर मिळणं खरंच अवघड असतं आणि त्याच्यासाठी वाट बरीच कमी असते. पण विशेष गरजा असलेल्या मुलाचा रकाना निव्वळ नंबर लवकर लागावा म्हणून भरणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला पटत नाही. तो रकाना भरण्याआधी एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडे तासभर बसावं. आपल्या गावात थेरपीची सोय काय, विमा काय काय देतो, आपण दोघं थकल्यावर तिसरं माणूस कोण, याची उत्तरं आधी शोधावीत.

याच सुमाराला कुणीतरी 'ओळखीतल्या डॉक्टर'बद्दल सांगतं. अमक्या नर्सिंग होममध्ये एक मुलगी अडचणीत आहे, कागदांचं आम्ही बघू. असा फोन पुतणीच्या सासरीही आला होता. बाल न्याय कायद्याचं कलम ८१ मुलाच्या खरेदी-विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगतं, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. ते बाजूला ठेवलं तरी अशा मुलाला व्हिसा मिळत नाही. मूल इथे, आईबाप तिथे.

त्याचाच एक सभ्य प्रकार म्हणजे "धाकट्या दिराचंच घेऊया की, घरातल्या घरात." भटजी बोलावून दत्तकविधान करायचं, दत्तकपत्र नोंदवायचं. हिंदू दत्तक कायद्याने ते इथे वैध असतं. परदेशात मात्र तेवढ्यावर मूल नेता येत नाही. नात्यातल्या दत्तकालाही हेगची वाट चालावी लागते. आधीच हिंदू कायद्याने दत्तक झालं असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर 'कारा'कडून कागद करून घ्यायची सोय झाली आहे, पण त्यातही जिल्हाधिकाऱ्यांकडून पडताळणी आणि तिकडच्या देशाची संमती लागतेच. विधी उरकून मग विचारण्यापेक्षा विचारून मग विधी करा.

घरच्यांना काय सांगायचं, हा शेवटचा आणि खरं तर रोजचा प्रश्न. पुतणीने मध्ये एकदा कॉल घ्यायचंच बंद केलं होतं. शेवटी ठरलं की बातमी असेल तेव्हा ती आपणहून सांगेल, आणि रविवारी या विषयावर कुणी बोलायचं नाही. आईने हे ऐकलं, पण पूर्ण पाळलं नाही. आता ती नंबर विचारत नाही. "ठशांची मुदत कधी संपतेय गं?" असं विचारते. पुतणी हसते आणि तारीख सांगते.

पाळणा अजून आणलेला नाही. मूल घरी आल्यावरही पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी आणि दुसरं वर्ष दर सहा महिन्यांनी समाजसेविकेचा अहवाल भारतात जातो, तेव्हा त्या सहा भेटींसाठी एक फाइल मात्र तिने आत्ताच लावून ठेवली आहे. निळी. वर नाव घालायची जागा रिकामी आहे.